किल्ला, तुरुंग आणि न झालेले संग्रहालय

चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माणसाने जिल्हा कारागृह बहुधा आतून पाहिलेले असते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितले की तो क्षणभर सावरून बसतो. मग त्याला समजावून सांगावे लागते, की कारागृहाच्या भिंतीआड गैबीशाह वली यांचा दर्गा आहे आणि मोहरममध्ये तुरुंगाचे दार लोकांसाठी उघडते. मी सात-आठ वर्षांचा असताना आईचे बोट धरून पहिल्यांदा आत गेलो. लोबानचा धूर दाटला होता, माणसे विहिरीचे पाणी भरून घेत होती. मला अप्रूप वाटले ते भिंतींचे. एवढ्या जाड भिंती कशाला, असे विचारल्यावर आई म्हणाली, ‘‘इथं राजा राहात होता.’’

‘‘मग आता कोण राहते?’’

‘‘आता चोर राहतात.’’

आईच्या या दोन उत्तरांमध्ये एक माणूस राहून गेला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. तो राजा नव्हता आणि चोरही नव्हता. बाबुराव पुल्लेसूर शेडमाके या मोलमपल्लीच्या तरुण जमीनदाराला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच तुरुंगाच्या आवारात पिंपळाच्या झाडाला फाशी देण्यात आली. राजवाडा, तुरुंग, वधस्थळ, दर्गा अशी चार आयुष्ये एका कुंपणात जगणाऱ्या या जागेचे कधीतरी संग्रहालय व्हावे, असे आमच्या गावात अधूनमधून बोलले जाते. मीही ते बोललो आहे. अलीकडे मात्र त्या इच्छेची मला थोडी धास्ती वाटू लागली आहे. किल्ल्याचे संग्रहालय होते म्हणजे नेमके काय होते, हे दोन समुद्रकाठच्या किल्ल्यांवर पाहून आल्यापासूनची ही धास्ती आहे. तिची कारणे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

*

आधी आमचा किल्ला. चांद्याच्या स्थापनेची कथा इकडे लहान मुलांनाही पाठ असते. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठींनी पिडलेला होता. शिकारीत तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यातले पाणी तो प्याला, त्याच पाण्याने हातपाय धुतले आणि व्याधी गेली. पुढे त्याच परिसरात त्याने एक नवल पाहिले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. राणीने सल्ला दिला, की ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधा आणि आत शहर वसवा.

ही कथा लिखित रूपात आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७० च्या सुमाराच्या जमीन-महसूल अहवालातून. सारा किती बसवावा हे ठरवण्यासाठी केलेल्या कागदांत आमची दंतकथा जपली गेली. इथल्या इतिहासाचे बरेचसे साधन असेच आडवाटेने हाती लागते, आणि ज्याच्या हातून लागते त्याच्या बोटांचे ठसे त्यावर असतात. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

तटाचा पाया खांडक्या बल्लाळशहाने घातला आणि पुढच्या राजांनी पिढ्यानपिढ्या काम चालू ठेवले. सुमारे ११ किलोमीटरचा घेर, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशी, आणि हनुमान, विठोबा, चोर, बगड, मसण या पाच खिडक्या. वेशींवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे. तेच गोंड राजांचे चिन्ह. अकबराच्या काळात इथे बाबाजी बल्लाळशहा राज्य करीत होता. हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ बाळगणारा राजा म्हणून ‘आइन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख तिथे येतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईने मारल्या गेलेल्या नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, अंचलेश्वराजवळ समाधी बांधली. राण्यांसाठी राजांनी बांधलेल्या वास्तूंचे कौतुक करणाऱ्या देशात राजासाठी राणीने उभारलेली ही वास्तू अजूनही म्हणावी तशी कुणाला ठाऊक नाही.

नंतरचा क्रम घाईचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतले आणि शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. मे १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. बालेकिल्ल्याचा तुरुंग झाला तो या नव्या कारभारात. गोंड राजाला त्याच्याच किल्ल्यात डांबायची कल्पना मात्र इंग्रजांच्या आधीची, आणि ती आपल्या माणसांची होती. मराठी लेखकाने हे वाक्य लिहिताना अडखळू नये म्हणून ते मी मुद्दाम वेगळे लिहितो आहे.

*

माझी पुतणी अमेरिकेत फ्लोरिडात राहते. तिच्याकडे गेलो असताना तिने मला सेंट ऑगस्टीन गावातला ‘कास्तियो दे सान मार्कोस’ हा किल्ला दाखवायला नेले. ‘‘काका, तुम्हाला भिंती आवडतात ना,’’ असे म्हणाली. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी १६७२ साली तो बांधायला घेतला आणि मुख्य काम १६९५ मध्ये पुरे झाले. दगड म्हणजे कोकिना. समुद्रातल्या लहान शिंपल्यांचे तुकडे युगानुयुगे एकमेकांना चिकटून तयार झालेला सच्छिद्र दगड. या दगडात तोफेचा गोळा शिरला तर भिंत फुटत नाही, गोळा आतच रुतून बसतो. १७०२ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा सगळे गाव या भिंतींच्या आत सुमारे पन्नास दिवस तगून राहिले. समोरच्या बेटावरून हा दगड खणून आणला तो मात्र बव्हंशी स्पॅनिश मिशनांतून वेठीला आणलेल्या मूळ रहिवाशांनी.

किल्ला १७६३ मध्ये इंग्रजांकडे, १७८३ मध्ये पुन्हा स्पॅनिशांकडे आणि १८२१ मध्ये अमेरिकेकडे गेला. अमेरिकनांनी १८२५ मध्ये त्याचे नाव ‘फोर्ट मॅरियन’ ठेवले, आणि इथून पुढे माझे पाय जड होत गेले. १८३७ मध्ये सेमिनोल नेता ओसिओलाला बोलणीच्या पांढऱ्या निशाणाखाली बोलावून पकडले आणि इथे ठेवले. १८७५ मध्ये मैदानी प्रदेशातले कायोवा, शायेन, अरापाहो, कोमांची असे सत्तरांहून अधिक कैदी आणले गेले. त्यांच्यावर कुठला खटला चालला नव्हता. १८८६ मध्ये पाचशेच्या आसपास अपाची आणले गेले, त्यांत बायका आणि लेकरेही होती.

१८७५ च्या कैद्यांवर देखरेख होती लेफ्टनंट प्रॅटची. त्याने त्यांचे केस कापले, अंगात लष्करी गणवेश घातले, इंग्रजी शिकवले, आणि हिशेबाच्या वह्या व रंगीत पेन्सिली दिल्या. त्या वह्यांत कैद्यांनी रान काढले, गव्यांची शिकार काढली, आगगाडीतून आणले गेल्याचा प्रवास काढला, किल्ल्याची भिंत आणि पलीकडचा समुद्र काढला. झोटोम हा कायोवा आणि हाउलिंग वुल्फ हा शायेन हे त्यांतले दोन चित्रकार. किल्ला पाहायला येणारे हौशी लोक या वह्या विकत घेऊन जात. आज त्या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. प्रॅटने या प्रयोगावर खूश होऊन १८७९ मध्ये कार्लाइल येथे आदिवासी मुलांची निवासी शाळा काढली. मुलांची भाषा आणि नाव पुसून टाकणे हे त्या शाळेचे उघड उद्दिष्ट होते.

१९२४ मध्ये किल्ला राष्ट्रीय स्मारक झाला आणि १९३३ पासून तो राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. खोल्यांमधून कैद्यांची माहिती लावलेली आहे, ती लपवलेली नाही. तरीही जुन्या स्पॅनिश पोशाखातली माणसे तोफ डागून दाखवतात तेव्हा गर्दी तिकडे पळते. मला अधिक बोलकी वाटली ती १९४२ ची एक साधी प्रशासकीय घटना. त्या वर्षी ‘फोर्ट मॅरियन’ हे नाव काढून मूळ स्पॅनिश नाव परत देण्यात आले. वसाहतीच्या काळातले ‘खरे’ नाव परत मिळाले म्हणून कुणीही आनंदच मानेल. पण ओसिओला, झोटोम आणि अपाची लेकरे ज्या नावाच्या जागेत कैद होती, ते नाव यामुळे पाटीवरून उतरले. ११७ वर्षांचे एक आयुष्य किल्ल्याच्या इतिहासातले मधले प्रकरण होऊन गेले. कोणी काही खोडले नाही. फक्त घड्याळ मागे फिरवून एका आवडत्या वेळेवर थांबवले.

*

दुसरा किल्ला आपल्या जवळचा. गोव्यातला आग्वाद पोर्तुगीजांनी १६१२ पर्यंत बांधून पुरा केला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. लांबच्या प्रवासाची जहाजे इथे गोडे पाणी भरून घेत. वरच्या किल्ल्यात लाखो गॅलन पाण्याचे टाके आहे, खाली समुद्राला टेकून तटाचा दुसरा भाग आहे. या खालच्या भागात तुरुंग होता. सालाझारच्या राजवटीत गोवा मुक्तिलढ्यातले सत्याग्रही तिथे ठेवले गेले. तुरुंग २०१५ मध्ये कोलवाळला हलला आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, या जागेचे संग्रहालय म्हणून उद्घाटन झाले. डॉ. राममनोहर लोहिया आणि टी. बी. कुन्हा यांच्या स्मृतीसाठी तिथे खास कोठड्या राखलेल्या आहेत.

हे व्हायलाच हवे होते. ज्या लढ्याला महाराष्ट्रातल्याही किती घरांतून माणसे गेली, त्याची कोठडी पर्यटकाच्या वाटेत यावी यात गैर काहीच नाही. माझी टीका तपशिलावर नाही, चौकटीवर आहे. संग्रहालय म्हणून या जागेची ओळख १९६१ या वर्षाभोवती बांधलेली आहे. तुरुंग मात्र त्यानंतरही ५४ वर्षे चालू होता. स्वतंत्र भारतातला हा काळ पोर्तुगीजांच्या नावे टाकता येत नाही. त्या वर्षांत तिथे राहिलेल्यांत गुन्हेगार असतील, खटला सुरू व्हायची वाट पाहणारे असतील, चुकून अडकलेले असतील. त्यांना हुतात्म्यांच्या शेजारी बसवा असे मी म्हणत नाही. पण ‘तुरुंग’ हीच वस्तू दाखवायची असेल, तर ती परक्यांनी आणली आणि परक्यांबरोबर गेली असे दाखवून कसे चालेल?

सान मार्कोस आणि आग्वाद यांच्या उद्देशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक किल्ला बांधणाऱ्याचा गौरव करतो, दुसरा बांधणाऱ्याशी लढलेल्यांचा. पद्धत मात्र दोन्हीकडे एकच आहे. अनेक आयुष्यांतून एक निवडायचे, त्याला प्रकाश द्यायचा आणि बाकीची पायऱ्यांसारखी वापरायची.

*

आता चांद्याकडे परत येतो. आमच्याकडे घड्याळ थांबवायला दोन सोयीच्या वेळा तयार आहेत.

पहिली वेळ गोंड राजवैभवाची. २०१७ पासून ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी तटावरची झुडपे तोडली, बुरुजांवरचा कचरा उपसला आणि लोकांना तटावरून फिरवायला सुरुवात केली. ज्या भिंतीकडे आम्ही जन्मभर आडोसा म्हणून पाहिले, ती गावाला परत दिसू लागली. या कामाचे मोल मोठे आहे. पण राजवैभव एकटेच मांडले तर काय होते, याचा अनुभव विदर्भाला जुना आहे. आमच्या पिढीला संग्रहालय म्हणजे नागपूरचा अजबबंगला, १८६३ मध्ये स्थापन झालेला. त्या साच्यातल्या संग्रहालयात राजघराण्यांची नाणी आणि शस्त्रे इतिहासाच्या दालनात असतात, तर गोंडांची भांडी, दागिने आणि मुखवटे आदिवासी दालनात. दोन्हींच्या मध्ये भिंत असते. किल्ला बांधणारा गोंड आणि रानातून मोहफुले वेचणारा गोंड ही एकाच समाजाची माणसे आहेत, हे शाळेच्या सहलीतल्या मुलाला कुणी सांगितले नाही तर कळत नाही. आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

दुसरी वेळ १८५८ ची. बाबुराव शेडमाके यांनी २४ सप्टेंबर १८५७ रोजी जंगोम दल उभे केले, मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेशी झुंज दिली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांच्या बरोबर होते. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला थेट लढाईत यश येईना, तेव्हा त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. बाबुराव सप्टेंबरमध्ये पकडले गेले ते लक्ष्मीबाईंच्या माणसांकडून. बक्षीस म्हणून जप्त जमीनदारीतली गावे लक्ष्मीबाईंना मिळाली. फाशी झाली तेव्हा बाबुरावांचे वय पंचवीस होते.

हा मजकूर ध्वनिप्रकाशाच्या खेळात फार छान बसेल, आणि मला भीती आहे ती त्याचीच. खेळात लक्ष्मीबाई फितूर होणार, कारण खेळाला फितूर लागतो. १८५४ नंतर नव्या सरकारच्या एका सहीवर जमीनदारी जाऊ किंवा राहू शकत होती, शेजारची जमीनदारी पेटलेली होती, आणि बाई एकटी होती, हे खेळात मावणार नाही. गार्टलँड आणि हॉल ही नावे तर उच्चारलीही जाणार नाहीत. तार ओढायला आलेले ते दोघे नोकर होते. त्यांच्या मरणाने बाबुरावांचे कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. पण ते नाव न घेता सांगितलेली गोष्ट कमी खरी होते.

आणि साधनांचा प्रश्न उरतोच. बाबुरावांचे आयुष्य तारीखवार सांगता येते ते मुख्यतः त्यांना फासावर देणाऱ्यांच्या कागदांवरून. त्या कागदांत ते ‘बंडखोर’ आहेत. दुसरे साधन गोंडी गाणी आणि गावोगावच्या गोष्टी. तिथे बाबुराव सहजासहजी मरत नाहीत. अभ्यासक बहुधा कागदाला पुरावा म्हणतो आणि गाण्याला भावना. सान मार्कोसहून परतल्यावर मला ही वाटणी पटेनाशी झाली. झोटोमच्या वहीत तारखा नाहीत, पण किल्ल्याची भिंत आतून कशी दिसते हे प्रॅटच्या कुठल्याही अहवालापेक्षा तिथे जास्त कळते. चांद्याच्या कैद्यांना कुणी वह्या दिल्या नाहीत. आमच्याकडे ते काम गाण्याने केले आहे. संग्रहालय झालेच तर क्रिक्टनचे पत्र आणि गोंडी गाणे एका उंचीवर, एकाच काचेत हवे. गाणे गोंडीत ऐकवावे, मराठी अर्थ खाली द्यावा. आजवर आपण याच्या उलट करत आलो आहोत.

एवढे केले तरी माझी धास्ती पूर्ण जात नाही, कारण चांद्याच्या कारागृहात आजही कैदी आहेत. बालेकिल्ल्याचे तुरुंगपण संपलेले नाही. कधी ना कधी, आग्वादसारखे, ते गावाबाहेर हलवले जाईल आणि जागा रिकामी होईल. त्या दिवशी भिंतींवरून चुन्याचा हात फिरवण्याआधी कोठडीच्या भिंतींवर कैद्यांनी काय ओरखडले आहे, ते कुणीतरी उतरवून घ्यावे. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होईपर्यंत सगळ्या जंगलपट्ट्याचा हा जिल्हा होता. अहेरी, एटापल्ली, सिरोंचाच्या रानातून इथे चालवत आणलेल्या माणसांचे काय काय शिल्लक असेल, हे आपण पाहिलेलेच नाही. राजाची कमान आणि हुतात्म्याचा पिंपळ यांच्या मध्ये ही माणसे आहेत. आईने त्यांना चोर म्हटले होते. तिच्या बोलण्यात राग नव्हता, लहान मुलाला कळेल असा तोच एक शब्द होता.

नावाचेही सांगितले पाहिजे. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले. नवे नाव देखणे आहे, मी पत्त्यात तेच लिहितो. पण खेड्यातून एस.टी.ने येणारी म्हातारी माणसे अजून चांद्यालाच येतात. बाबुरावांना फाशी झाली तीही चांद्यात. संग्रहालयाच्या पाटीवर हा शब्द कुठेतरी असू द्यावा, एवढे मागायला हरकत नसावी.

*

गेल्या मोहरमला मी पुन्हा आत गेलो. दाराशी झडती झाली, मोबाइल बाहेर ठेवावा लागला. रांगेत माझ्यापुढे एक बाई होती. तिच्या हातात नारळ होता आणि बरोबर दहाएक वर्षांची मुलगी. मुलगी मान वर करून भिंतीकडे पाहत होती. तिने काहीतरी विचारले, गर्दीत मला ते नीट ऐकू आले नाही. आईने उत्तर दिले तेही ऐकू आले नाही. दर्ग्याकडून परतताना मी तिला पिंपळाच्या जागेकडे बोट दाखवून नाव सांगितले. ‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या घरी त्यांचा फोटो आहे.’’ मग तिनेच मला विचारले, ‘‘त्या खोल्यांत कोण आहे?’’

शिपाई आम्हाला पुढे सरकायला सांगत होता. मी तिला काहीच उत्तर दिले नाही.